मदत हवी आहे: आईचे उपास, शुगर लो आणि फूड पॅन्ट्री (अमेरिका)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते. आज नवा आयडी काढून लिहितेय, कारण ओळखीचे बरेच आहेत.

आम्ही ओहायोत एका युनिव्हर्सिटीच्या गावात राहतो. नवरा पीएचडी करतोय (एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा). मी एफ-२ वर, त्याची बायको म्हणून मिळालेला व्हिसा, म्हणजे मला काम करता येत नाही. बाळ अडीच महिन्यांचं, इथेच जन्मलेलं. बाळंतपणाला आई एप्रिलमध्ये आली, सप्टेंबरअखेर परत जाईल.

स्टायपेंड नऊ महिन्यांचाच असतो. मागचे दोन उन्हाळे गाइडने निभावून नेले, यंदा ग्रँट संपली. मेनंतर पगार नाही, पुढचा थेट सप्टेंबरच्या शेवटी. साठवलेलं होतं ते डिलिव्हरीच्या बिलात गेलं. भाडं, वीज, फोन जाऊन आठवड्याला चाळीसेक डॉलर उरतात. त्यात तीन मोठी माणसं आणि बाळाचे डायपर.

आईला १२ वर्षांपासून डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊनच आली. जूनमध्ये तिने सोमवार धरले. आमच्या घरात सोमवार कोणीच करत नाही. मग गुरुवार आला, मग शनिवार. मला वाटलं, नातवासाठी काही बोलली असेल. साबुदाणा भिजवू का विचारलं, तर म्हणाली, "निरंकार करते गं, इथे साबुदाणा केवढ्याला पडतो!" तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मागच्या सोमवारी रात्री तीनला बाळासाठी उठले, तर आई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. गाऊन घामाने ओला, मांडीत साखरेचा डबा, आणि हात इतके थरथरत होते की झाकण निघत नव्हतं. शुगर ५२. साखरपाणी दिलं, वीस मिनिटांनी ८८ झाली. तोवर तिचं एकच चालू, ९११ ला (अ‍ॅम्ब्युलन्सला) फोन नको, बिल येईल. सकाळी फ्रीजमध्ये तिच्या वाटणीचा आदल्या रात्रीचा वरणभात सापडला, माझ्या डब्याच्या मागे झाकून ठेवलेला. म्हणे, तू अंगावर पाजतेस, तुला लागतं.

अजून एक सांगते, लाज वाटते तरी. दोन महिन्यांच्या लशींना गेलो तेव्हा नर्सने फॉर्म दिला होता. गेल्या वर्षभरात घरातलं अन्न संपेल आणि आणायला पैसे नसतील अशी काळजी वाटली का, आणि तसं खरंच झालं का, असे दोन प्रश्न. मी दोन्हींवर "कधीच नाही" अशी खूण केली.

फूड पॅन्ट्रीत (गरजूंना फुकट किराणा देतात तिथे) गेलो तर व्हिसावर काही परिणाम होईल का? तिथलं खाणं शाकाहारी, शुगरवाल्या माणसाला चालेल असं असतं का? आणि आईच्या गोळ्यांचं काय करू? नवरा म्हणतो महिनाभर काढू कसेतरी. मला ती रात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

कडुलिंब: ताई, बाकी सगळं नंतर. मी डॉक्टर आहे, नाशिकला असतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. आजच आईंच्या भारतातल्या डॉक्टरांना फोन लावा, ५२ चा आकडा सांगा. मनाने डोस बदलू नका, पण जेवण चुकलं तर गोळी घ्यायची की नाही हे स्पष्ट विचारून घ्या. ७० च्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, वर आली की पोळी किंवा भात. या गोळीचा असर लांबतो, शुगर तासांनी परत उतरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, तेव्हा ९११ च, बिलाचं नंतर बघता येईल.

तुमच्याकडचं हे नवं नाही. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवर २०१४ साली एक अभ्यास आला होता. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतले लोक शुगर लो होऊन भरती होण्याचा धोका महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त निघाला. महिनाअखेर डबे रिकामे होतात, गोळ्या चालूच राहतात.

टिंबटिंब: अमेरिकेत जाऊन उपाशी? गंमतच आहे.

ओसरी: @टिंबटिंब, तिथल्या शेती खात्याचाच आकडा आहे: २०२३ मध्ये १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. माणसं मोजली तर ४ कोटी ७४ लाख. गंमत वाटत असेल तर एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर पॅन्ट्रीत खोकी उचलायला या.

धागाकर्तीस: मी न्यू जर्सीत पॅन्ट्रीवर असते. आमच्याकडे व्हिसा कोणी विचारत नाही. नाव, पत्ता, घरात माणसं किती, एवढंच. आधी युनिव्हर्सिटीचीच पॅन्ट्री आहे का बघा. मिशिगन स्टेटच्या विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये पहिली सुरू केली, आता शेकडो कॅम्पसवर आहेत. नसेल तर २११ ला फोन करा, जवळची सांगतात.

विकचा (WIC, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीची सरकारी अन्नमदत) अर्ज तर उद्याच करा. बाळाला पाच वर्षांपर्यंत आणि पाजताय तोवर तुम्हालाही वर्षभर मिळतं: दूध, अंडी, कडधान्यं किंवा पीनट बटर, भाजी-फळांचे पैसे. त्याला व्हिसा आड येत नाही. फूड स्टँपचं (कमी उत्पन्नवाल्यांना किराण्यासाठी सरकारी मदत) वेगळं आहे, एफ-१, एफ-२ वाल्यांना ते नाहीत. बाळ नागरिक आहे म्हणून त्याच्यापुरता अर्ज होऊ शकतो, पण तो इमिग्रेशन वकिलाला विचारूनच. २०२२ च्या पब्लिक चार्ज नियमात (सरकारी मदतीवर जगेल असं वाटलं तर ग्रीन कार्ड वगैरे नाकारायचा नियम) विक धरलेलं नव्हतं, तरी हे नियम सरकार बदललं की हलतात, म्हणून तेही विचारून ठेवा.

पॅन्ट्रीत डबाबंद छोले, राजमा, चवळी घ्या. चाळणीत ओतून नळाखाली धुतलं की जवळजवळ ४० टक्के मीठ जातं. रिफ्राइड बीन्सवर "लार्ड" लिहिलंय का वाचा, ती डुकराची चरबी. रामेन आणि व्हाइट ब्रेड ढिगाने देतील. आईंना ते नको. एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी रामेन केलं तर शुगर झोके घेत राहील.

आणि तो फॉर्म. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ पासून ते दोन प्रश्न विचारायला सांगितलेत. खरं लिहिलं की ते पुढची मदत जोडून देतात. चार महिन्यांच्या लशींना पुन्हा विचारतील, तेव्हा खूण बदला.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आईच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी ग्लिमेपिराइड सध्या बंद केली, रोज सकाळचे आकडे पाठवायला सांगितलेत. विकची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे.

कॅम्पसवर पॅन्ट्री निघाली, लायब्ररीच्या तळघरात. दोन वर्षं तिच्या दारावरून जात होते. नवरा यायला तयार नव्हता, मग आईच निघाली, बाळाला घेऊन, तेव्हा तोही आला. रांगेत त्याच्याच लॅबमधला एक मुलगा भेटला, दोघांनीही एकमेकांना "इथे कसे?" विचारलं नाही. चवळीचे चार डबे, ओट्स, कांदे, एक भोपळा मिळाला. आज सोमवार. आईने सकाळीच जाहीर केलं की सोमवारांचं उद्यापन झालं, आणि आता भोपळ्याचं भरीत करतेय. ओट्सचं थालीपीठ कोणी करतं का? भाजणी नाही, मोडतं.