अनुभव धागा : गेम खेळताना कीबोर्ड कुठं ठेवता, बसता कसे?

राजेहो, गेमिंगची खुर्ची, बटन दाबलं की वर-खाली होणारं टेबल, हे सगळं आपण व्हिडिओत पाहतो. आपल्या खेड्यातल्या घरी कॉम्प्युटर बसतो तो स्विचबोर्डाजवळ, कूलरची हवा येईल त्या भिंतीला. टेबल म्हणजे घरात जे रिकामं असेल ते. त्याची उंची, खुर्चीची उंची आणि आपल्या कोपराची उंची यांचं जमतंच असं नाही. हात, मान, पाठ कुरकुर करायला लागतात ते तिथूनच. तेव्हा कशावर बसता, कीबोर्ड सरळ ठेवता की तिरपा, काय दुखत होतं आणि कशानं थांबलं, हे मोकळेपणानं लिहा. महागड्या वस्तूंची नावं नकोत. घरात, आरा मशीनवर किंवा तालुक्याच्या बाजारात मिळेल तेवढंच सांगा.

माझं आधी सांगतो. आमच्याकडं कॉम्प्युटर आईच्या शिलाई मशीनवर आहे. मशीन आत दुमडली की वर सपाट फळी मिळते, उंची 30 इंच. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलं की कोपर फळीच्या बरंच खाली राहतं, म्हणून खांदे आपोआप वर उचलले जातात. खेळ रंगात असताना कळत नाही. उठल्यावर मान आणि खांद्याच्या मधला पट्टा ठणकतो. उपाय साधा निघाला: एका खुर्चीवर दुसरी तशीच खुर्ची. बसायची जागा दोन-तीन इंच वर आली आणि कोपर फळीच्या पातळीला. मग पाय लोंबकळायला लागले, ते मशीनच्या पायडलवर ठेवले. पायडल हलतं, गोळीबार सुरू झाला की जास्तच हलतं, म्हणून ते सुतळीनं बांधून टाकलं. आईला ब्लाउज शिवायचा असला की सुतळी सोडायची, एवढाच त्रास.

दर्यापूर, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी

कीबोर्डाच्या मागचे दोन पाय सगळ्यात आधी बंद करा. ते उघडले की मागची बाजू उंच होते आणि पंजा मनगटातून वर वाकतो. अक्षरं नीट दिसावीत म्हणून ते पाय असतात, खेळताना बटनांकडं पाहतं कोण? माझा कीबोर्ड मेकॅनिकल आहे, म्हणजे मुळातच जाड. पाय बंद करून समोर दुपट्ट्याची घट्ट घडी ठेवली. एप्रिल-मेमध्ये ती घामही टिपते, नाहीतर सनमायकाला हात चिकटतो.

मोर्शी, टायपिंग क्लास चालवतो

मी गेम खेळत नाही, पण माझ्या क्लासची अर्धी पोरं खेळतात, आणि त्यांचा डावा हात मला लांबूनच ओळखू येतो. शासनाच्या 30 आणि 40 शब्दांच्या परीक्षेसाठी आम्ही शिकवतो ती बोटांची जागा वेगळी. करंगळी ए वर, अनामिका एस वर, मधलं डी वर आणि तर्जनी एफ वर. एफ आणि जे वर बारीक उंचवटा असतो, तो लागला की न पाहता हात जागेवर बसतो. गेममध्ये गडी चालवायचा तो डब्ल्यू-ए-एस-डी या बटनांनी, म्हणून गेमवाल्यांची अनामिका ए वर, मधलं बोट डब्ल्यू-एस वर, तर्जनी डी वर. करंगळी बिचारी शिफ्ट आणि कंट्रोलमध्ये वर-खाली ओढली जाते. टायपिंगमध्ये बोट आपटतं आणि लगेच सुटतं. गेममध्ये डब्ल्यू दाबला तो दाबलेलाच, गडी पळतोय तोवर. बोट हलत नाही, पण स्नायू आवळलेला राहतो, आणि त्याचाच शीण जास्त येतो. बटन खाली गेलं की गेलं, वरून आणखी जोर देऊन माणूस जास्त वेगानं पळत नाही. हे पोरांना सांगून थकलो.

एका विद्यार्थ्याला सुचवलं की सगळी बटनं एक घर उजवीकडं घे: ई-एस-डी-एफ. गेमच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. तर्जनी एफच्या उंचवट्यावर येते, टायपिंगची सवय मोडत नाही आणि करंगळीला ए, क्यू, झेड ही जवळची बटनं मिळतात. गेममधल्या गड्याला खाली बसवायचं बटन कंट्रोलवरून काढून सी ला दिलं. आधी खूप कटकट केली त्यानं. आता म्हणतो, सर, जुनं जमतच नाही.

पुसद, एकेकाळचा सायबर कॅफेवाला

आमच्या कॅफेतल्या टेबलांना कीबोर्डाचा सरकता ट्रे होता. रेल्वेचं रिझर्व्हेशन, निकाल, अर्ज यांच्यासाठी उत्तम. काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम आला आणि पोरांनी कीबोर्ड ट्रेमधून उचलून वर ठेवला, तोही तिरपा. मला वाटायचं स्टाइल मारून राहिले. नीट पाहिलं तर त्यात अक्कल होती. डावा हात खांद्यापासून समोर येतो तो सरळ नाही, थोडा आत वळून येतो. कीबोर्ड स्क्रीनला समांतर ठेवला की मनगट करंगळीच्या बाजूला मुरडावं लागतं. डावं टोक स्क्रीनकडं आणि उजवं टोक पोटाकडं घेतलं की कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक रेघ होते. शिवाय उजवीकडं माउसला जागा मोकळी. नंबरांच्या बटनांसकट कीबोर्ड साधारण 44 सेंटीमीटर रुंद, त्यांच्याशिवाय 36. ते आठ सेंटीमीटर माउसचा वेग कमी ठेवून खेळणाऱ्याला सोन्याचे, कारण त्याला अख्खा हात फिरवावा लागतो.

बाकी डब्ल्यू-ए-एस-डी हे काही आभाळातून पडलेलं नाही. आधी लोक बाणांच्या बटनांवरच खेळायचे. 1997 साली अमेरिकेत क्वेक या गेमची स्पर्धा डेनिस फाँगनं (गेममधलं नाव थ्रेश) जिंकली. बक्षीस म्हणून गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकची फेरारी घेऊन गेला. त्याची बटनांची पद्धत जगानं उचलली. तेव्हा कोणाचा हात वेगळा असेल तर बटनं बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

घाटंजी, शेतकरी

आमचं जरा वेगळं हाय. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाची टोकं टोचून नखाच्या कडा सोलतात. फवारणीचा पंप पाठीवर असला त खांदे दिवसभर खाली ओढलेले. रात्री मी फार्मिंग सिम्युलेटर खेळतो. दिवसा ट्रॅक्टर, रात्रीबी ट्रॅक्टर, बायको हासते. मले टेबलावर हात वर करून बसणं होतच नाही. म्हणून कीबोर्ड मांडीवर घेतो, खाली जेवायचा पाट. कोपर अंगाजवळ राहते, खांदा सैल. माउस बाजूच्या स्टुलावर, पण स्टूल मांडीइतकंच उंच पायजे. जरा उंच असलं का उजवा खांदा बोलते.

(भाऊ, ही कल्पना लय आवडली. मनगट जितकं सरळ, तितकं बरं. फक्त पाट कीबोर्डापेक्षा रुंद असू द्या, नाहीतर खेळाच्या भरात घसरतो. – धागाकर्ता)

साकोली, बी.एस्सी. करते

मुली पण खेळतात बरं का! माझा लॅपटॉप आहे. खाटेवर गादीवर ठेवला की दोन गोष्टी होतात. खालची हवेची जाळी गादीत दबून तो तापतो आणि गेम अडकत चालतो. शिवाय स्क्रीन इतकी खाली की मान वाकलेलीच. लॅपटॉपचं दुखणंच हे आहे: स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर बटनं उंच जातात, बटनं खाली ठेवली तर मान जाते. बाहेरून साधा यूएसबी कीबोर्ड जोडला तेव्हा ही गाठ सुटली. आता लॅपटॉप तांदळाच्या पत्र्याच्या डब्यावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला, हातभर लांब. कीबोर्ड खाली चौरंगावर आणि मी भिंतीला टेकून जमिनीवर. कमरेमागं गोधडीची गुंडाळी. बाबा म्हणतात पूजेला बसल्यासारखी दिसतेस.

चिखली, डावखुरा

नंबरांच्या बटनांशिवायचा कीबोर्ड घ्या असं जो तो सांगतो. आमचा माउस डावीकडं असतो, उजवा हात बाणांवर आणि त्याच नंबरांवर. डावखुऱ्यांनी ऐकू नये.

वर्धा जिल्हा, फिजिओथेरपिस्ट

वरचं वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही: नेमकं कोणतं बोट बधिर होतं? त्यावरून कुठं दाब येतोय ते कळतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्या बाजूची अर्धी कड मुंग्या आल्यासारखी होत असेल, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटातून जाणारी मीडियन नस दबतेय. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात, टनेल म्हणजे मनगटातला बोगदा. मनगट वर किंवा खाली फार वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांत हे जास्त दिसतं, त्यामुळं सगळा दोष गेमवर टाकू नका, तपासून घ्या.

करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी कड बधिर असेल तर बहुतेक वेळा कोपर पाहावं लागतं. कोपर टेबलाच्या कडेवर रेलून तासन् तास बसलं की अल्नर नस दबते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस. लोखंडी टेबलाची धारदार कड असेल तर तिथं जुनी सायकल ट्यूब चिरून चढवा किंवा जाड फडकं गुंडाळा.

तिसरं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. हे मोबाइलवर खेळणाऱ्यांत जास्त. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडं हळूच वाकवा. तिथं कळ मारली तर अंगठ्याच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) सूज असू शकते. अशा हाताला कीबोर्ड बदलून फरक पडत नाही, अंगठ्याला विश्रांती लागते.

टेकवायचा तो तळव्याचा मांसल भाग, मनगटाची घडी नव्हे. दुपट्ट्याची घडीही तिथंच यावी. आणि जोरात दुखत असताना मनगट कोणाकडून ओढून “बसवून” घेऊ नका. पकड सैल पडली, कप हातातून सुटायला लागला, तर धागा वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हिंगणघाट, एक आई

मुलगा सातवीत आहे. टेबल-खुर्ची मोठ्यांची, त्यामुळं त्याचे पाय अधांतरी आणि कीबोर्ड जवळजवळ छातीशी. खुर्चीवर उशी घातली, पायाखाली दोन विटा आडव्या टाकल्या. एक वीट तीन इंचांची, वाढत्या अंगाला हिशेब सोपा: उंची वाढली की वीट कमी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद पाहायला सांगितलंय. अंगणातला कडुलिंब तेवढ्या अंतरावर आहे, पण मॅच चालू असताना कडुलिंब कोण पाहतो? मेल्यावर पुन्हा खेळात यायला जो वेळ लागतो ना दादा, तेवढ्यात पाहून घे म्हटलं, ते मात्र पटलं त्याला.

वडसा, सुतारकाम करतो

ट्रे बसवायला माझ्याकडं पोरं येतात म्हणून लिहितो. बाजारातला तयार ट्रे कीबोर्डाएवढाच रुंद असतो. मग कीबोर्ड खाली, माउस वर टेबलावर, आणि उजवा हात सतत लांब ताणलेला. सागाच्या उरलेल्या फळीतून 28 इंच रुंद ट्रे करून घ्या, दोन्ही एकाच पातळीला बसतात. वरच्या कडा रंधून गोल करायला सांगा, त्याचे वेगळे पैसे कोणी घेत नाही. ट्रे ज्यावर सरकतो तो चॅनल भारी घ्या, हलका घेतला तर हात टेकला की ट्रे डुगडुगतो. आणि स्क्रू मारायच्या आधी ज्याला खेळायचं आहे त्यालाच खुर्चीवर बसवा, भावाला नाही. मांडी आणि ट्रे यांच्यात हात सरकला पाहिजे. जाड्या पोराचं माप घेऊन बारक्यासाठी ट्रे करून नेला, असं आमच्याकडं झालंय, आणि दोघंही भांडत परत आले.