ठरलं पगारावर, पत्रात मात्र 'रिटेनर'. सही करावी का?

प्रश्न
चिंचोळी एमआयडीसीत मशीन ड्रॉइंगचं काम, महिना 70,000 चं बिल, 10 टक्के टीडीएस जाऊन हातात 63,000. 1 डिसेंबर 2025 पासून मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून पगारावर घ्यायचं ठरलं, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) वर्षाला 9.6 लाख. आलेल्या पत्रात पद 'रिटेनर' (म्हणजे कर्मचारी नाही, ठरलेल्या फीवर बाहेरून काम करणारा) आहे, पण हजेरी थंबवर आणि रजा मंजूर करून घ्यायची. करात कुठे फायदा?

उत्तर 1
दुसरं उत्पन्न नसेल तर या रकमेला कराने फरक पडत नाही. एप्रिल ते नोव्हेंबर बिलं 5,60,000. कलम 44एडीएनुसार (व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय) निम्मं, म्हणजे 2,80,000 उत्पन्न. पुढचे चार महिने पगार धरला तर कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वगळून साधारण 2.93 लाख, वजा प्रमाणित वजावट 75,000. बेरीज पाच लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत कर शून्य, कापलेले 56,000 परत. रिटेनर राहिलात तरी कर शून्यच. खरा फरक पीएफ, रजा आणि ग्रॅच्युइटीत आहे.

उत्तर 2
पीएफचं नीट बघा. सीटीसी महिना 80,000, बेसिक 40,000 धरलं तर कंपनीचा पीएफ 4,800 आणि ग्रॅच्युइटी 1,924 त्यातच. तुमचा पीएफ 4,800, व्यवसाय कर 200 गेला की हातात 68,276. मेख अशी, की आधी कधीच पीएफ नसेल आणि बेसिक 15,000 च्या वर असेल तर कंपनी तुम्हाला पीएफबाहेर ठेवू शकते. पत्रात 'पीएफ लागू' असं लिहून घ्या.

उत्तर 3
असं पत्र सही करू नका. वाद झाला की नावापेक्षा कामाची पद्धत बघतात, पण तोवर सिद्ध करायची धावपळ तुमच्याच गळ्यात. एचआरला ईमेल करा: पद, रुजू तारीख, नोटीस काळ आणि टीडीएस कलम 192 (पगारावरची कपात) खाली, हे चारही सुधारित पत्रात हवं. ते येईपर्यंत जुना करार संपवू नका.

प्रश्नकर्ता
नोव्हेंबरचं बिल डिसेंबरात मिळालं तर?

उत्तर 1
ते बिलच राहतं, कलम 194जे (व्यावसायिक फीवरची टीडीएस कपात) लागतं. पगारात मिसळू देऊ नका. टीडीएसचा दाखला बिलांसाठी फॉर्म 16ए, पगारासाठी 16. दोन्ही आयटीआर-4 मध्ये बसतात. डिसेंबरपासूनच्या पगारावरही 26एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा टीडीएसचा तक्ता) 194जे दिसलं, तर रिटर्न भरण्याआधी कंपनीकडून टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करून घ्या.