चटणीचं पॅकिंग आणि गोडाऊन बाहेर द्यावं का? निपाणीहून विचारते आहे

चटणीवाली_निपाणी

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमची कांदा-लसूण चटणी आहे, सासूबाईंच्या हातची. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचं तिखट.) संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला, बाकी खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, आणि सगळं डंकावर कुटून. 2019 ला महिन्याला तीसेक किलो व्हायची. पिशवी बांधून मी स्टँडवर जायची आणि पुण्याच्या बसमध्ये पार्सल द्यायची. आज महिन्याची सरासरी 900 किलो आणि 1,300 ऑर्डरी आहे. पण सरासरीवर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाची बेगमी होते तेव्हा ऑर्डरी 2,800 वर जातात आणि जुलै-ऑगस्टला 450 वर येतात.

घराची पुढची खोली, सोपा, जिन्याखालची जागा, सगळीकडे खोकी. मुलगा यंदा दहावीला आहे, तो संध्याकाळी अभ्यासाला शेजारच्या काकूंकडे जातो. हे मला बघवत नाही.

कामाला सहा जणी आहेत. घरचं आवरून दहाला येतात, पाचला जातात. त्यातल्या चौघी आधी घरी विड्या वळायच्या. काम बाहेर दिलं तर यांचं काय, हा प्रश्न मी कागदावर आकडे मांडते तेव्हा दर वेळी मध्ये येतो.

मागच्या जुलैत एकदा बाहेर देऊन बघितलं. एका पॅकिंगवाल्याकडे 800 पाऊच भरायला दिले. नाव लिहीत नाही. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या आणि 140 पाऊच परत आले. चटणी ओलसर, गोळे झालेली, काहींच्या खोक्याला आतून तेलाचे लाल डाग. आमच्याकडे पाऊच भरला की तोंडाच्या आतल्या बाजूला तिखटाची बारीक लाल रेघ राहते. ती कोरड्या मलमलच्या फडक्यानं पुसल्याशिवाय सील धरत नाही. वरून चिकटलेलं दिसतं, पण दोन बोटांनी पाऊच दाबला की कोपऱ्यातून हवा सुटते. आमच्या बायका प्रत्येक पाऊच असा दाबून बघतात. त्या माणसाला मी हे सांगितलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, मशीन नवं आहे, काळजी करू नका." 140 घरांना मी स्वतः फोन करून माफी मागितली आणि नवा माल पाठवला.

आता दोन ठिकाणचे दर आलेत. कोल्हापूरचं गोडाऊन ऑर्डरमागे 26 रुपये म्हणतं, पण महिन्याला किमान 1,000 ऑर्डरींचं बिल. बेळगावचं 30 रुपये म्हणतं, किमान 500. दोघेही साठवण, पॅकिंग आणि कुरिअरला देणं सगळं करतात. कोल्हापूर मला 40 किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. गिऱ्हाईक सगळं पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली. मन कोल्हापूरकडे ओढतं.

कुठे द्यावं, किती द्यावं, आणि मुळात द्यावं का? आमचा खोका 25 × 20 × 12 सेंटिमीटरचा आहे आणि सगळ्यात जास्त खपतो तो 500 ग्रॅमचा पाऊच.

उद्यमबागकर

ताई, मी बेळगावात गोडाऊनमध्ये नऊ वर्षं सुपरवायझर आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी एक गोष्ट सुटी करा. तुम्ही पॅकिंग म्हणताय ती दोन कामं आहेत. एक पाऊच भरणं आणि सील करणं. दुसरं म्हणजे तयार पाऊच खोक्यात घालून पत्ता चिकटवणं. दुसरं काम आमच्याकडची पोरं दिवसाला शेकड्यांनी करतात आणि चूक झाली तर ती पत्त्याची होते, मालाची नाही. पहिलं काम मात्र तुमच्या घरातून हलवू नका. मलमलचं फडकं कुठल्याही दरपत्रकात नसतं. ऑर्डरमागे 30 रुपयांत कुणी पाऊच दाबून बघणार नाही, आणि बघा म्हणून करारात लिहिलं तरी एप्रिलच्या गर्दीत पहिलं तेच सुटेल. म्हणजे तुमच्या सहा जणी जागेवरच राहतात, उलट खोकी आणि टेपचं काम गेलं की भरायला वेळ जास्त मिळेल.

कुरिअरचं बघू. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5,000. तुमचा खोका 6,000 घनसेंटिमीटर, म्हणजे आकाराचं वजन 1.2 किलो. आत पाऊच अर्ध्या किलोचा. कुरिअरवाला दोन्हीतलं मोठं वजन धरतो आणि बहुतेक ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात, म्हणजे तुम्ही दीड किलोचे पैसे भरताय. निम्मा खोका हवेचा आहे. 20 × 15 × 8 चा करा, आकाराचं वजन 480 ग्रॅमवर येतं. तरीही 500 ग्रॅमचा पाऊच अधिक खोका अधिक टेप असं खरं वजन साडेपाचशेच्या पुढे जाणारच, म्हणजे टप्पा एक किलोचा. म्हणून 400 ग्रॅमचा पाऊच काढून बघा. खोक्यासकट पहिल्या टप्प्यात बसेल. लेबलवर एमआरपीबरोबर ग्रॅममागची किंमतही छापावी लागते, ती बदलायला विसरू नका. गोडाऊन कुठलंही घ्या, खोक्यात वाचलेले पैसे तुमचेच.

आणि गोडाऊन बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा घेऊन परत येऊ नका. आत जा, शेजारच्या रॅकवर काय आहे ते बघा. अगरबत्ती, साबण, फिनेल असलं काही असेल तर चटणी तिथे ठेवायची नाही. सीलबंद पाऊचलाही वास लागतो, मी बघितलंय. भिंतीवर फूड लायसन्स लावलेलं असेल त्यावरचा पत्ता त्याच जागेचा आहे का, साठवणीचं आहे का, हे वाचा. खोकी थेट फरशीवर ठेवतात की लाकडी पॅलेटवर, हे जूनच्या आधीच विचारा. आमच्याकडच्या पावसात फरशी घाम फोडते.

आधी आलेला माल आधी, एवढ्यावरही थांबू नका. ज्याची मुदत आधी संपते तो आधी जायला हवा. त्यासाठी खोक्यावर बॅच नंबर आणि तारीख बाहेरून, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा.

सीए_टिळकवाडी

कोल्हापूरच्या 26 रुपयांत एक खर्च दिसत नाही, तो सांगतो.

तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन कर्नाटकचं. कोल्हापूरच्या गोडाऊनमध्ये माल ठेवून तिथून विकायचा तर महाराष्ट्रात वेगळं रजिस्ट्रेशन लागेल. पॅन एकच असला तरी कायद्याच्या दृष्टीनं निपाणीच्या तुम्ही आणि कोल्हापूरच्या तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती. म्हणजे कोगनोळीला राज्याची सीमा ओलांडणारा प्रत्येक टेम्पो ही विक्रीच धरली जाते. टॅक्स इनव्हॉइस, त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी), आणि मालाची किंमत 50,000 च्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन काढायचं बिल. भरलेला कर कोल्हापूरच्या खात्यात क्रेडिट म्हणून मिळतो, बुडत नाही, पण माल विकेपर्यंत 5 टक्के रक्कम अडकते. एप्रिलसाठी मार्चमध्ये दोन-तीन टन माल भराल तेव्हा ते जाणवेल. वर दोन राज्यांची रिटर्न्स.

बेळगावचं गोडाऊन त्याच रजिस्ट्रेशनमध्ये व्यवसायाची जादा जागा म्हणून जोडता येतं. गोडाऊनवाल्याचा करार किंवा संमतिपत्र लागेल. निपाणीहून तिथे माल डिलिव्हरी चलनावर जातो, कर नाही. ई-वे बिल मात्र राज्यातल्या राज्यातही लागू शकतं, चलनाबरोबर तेही बघून ठेवा.

आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला बेळगावहून पाठवलं काय, कोल्हापूरहून पाठवलं काय, त्याच्या बिलावर कर तेवढाच. अजून बरेच लोक सीमेचा हिशेब जुन्या पद्धतीनं करतात. माझे वडील गुळाचे व्यापारी होते, विक्रीकराच्या नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा मी लहानपणी पाहिल्यात. 1 जुलै 2017 नंतर ते नाके गेले. विकताना सीमा आड येत नाही, साठा हलवताना येते.

किमान बिलाचाही हिशेब करा. जुलैत 450 ऑर्डरी असताना कोल्हापूरला 26,000 भराल, म्हणजे ऑर्डरमागे जवळजवळ 58 रुपये. बेळगावला 15,000, म्हणजे 33. एप्रिलमध्ये कोल्हापूर 11,200 रुपयांनी स्वस्त, खरं आहे, पण तसा महिना वर्षात दोनदाच येतो.

अथणी_पायताण

सीएसाहेबांचं बरोबर आहे, पण पुराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याकडची वाहतूक बंद झाली. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. त्या वेळी माझी 300 जोड चप्पल बेळगावात अडकली होती. पुण्यात थोडा साठा असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

पण मी तरी पुण्यात गोडाऊन घेतलेलं नाही. माझा एक तिथला दुकानदार आहे, त्याला मी पक्क्या बिलावर शंभर जोड आगाऊ विकतो. अडचण आली की त्याच्या भागातल्या ऑर्डरी तो देतो. चटणीसाठी असं एखादं किराणा दुकान तुम्हालाही सापडेल.

दुसरं सांगायचं ते मोजणीचं. माझ्या पहिल्या गोडाऊनवाल्याकडे सहा महिन्यांनी 41 जोड कमी निघाले. तो म्हणाला आलेच नाहीत, मी म्हणालो पाठवलेत. माझ्याकडे टेम्पोवाल्याच्या वहीत सही होती, पण ती "12 पोती" म्हणून, जोड किती ते नाही. पैसे गेले. तेव्हापासून माल उतरतानाच नग मोजून, चलनावर आकडा घालून, शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो हलत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझा भाचा जाऊन मोजतो. तुटफूट आणि कमी माल किती टक्क्यांपर्यंत ते सोसणार आणि त्यापुढे कोण भरणार, हे करारात आकड्यात लिहून घ्या. विमा कुणाच्या नावावर तेही.

कॅश ऑन डिलिव्हरीची परत आलेली पार्सलं कुठे जातात, तेही विचारा. चप्पल पुसून परत विकता येते. चटणीचं काय करायचं हे तुम्हीच ठरवा.

चटणीवाली_निपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही भरणं आणि खोकी वेगळी केलीत तिथे माझी निम्मी रात्रीची झोप परत आली. मी वर्षभर दोन्हीला एकच काम समजत होते.

परत आलेला पाऊच मी पुन्हा विकणार नाही. कुणाच्या घरी, उन्हात, गाडीत पडून आला ते कळत नाही. गोडाऊनला सांगणार की तो वेगळ्या क्रेटमध्ये ठेवून महिन्याला माझ्याकडे परत पाठवा. कॅश ऑन डिलिव्हरी फक्त जुन्या गिऱ्हाइकांना ठेवणार.

एक विचारायचं राहिलं. लेबलवर पत्ता गोडाऊनचा की माझा?

उद्यमबागकर

भरणं आणि सील तुमच्याकडे असेल तर तुमचाच, तुमच्या लायसन्स नंबरासकट. आम्ही नुसते ठेवणारे आणि पाठवणारे. आम्ही भरलं असतं तर पॅक करणारा म्हणून आमचंही नाव आणि नंबर आला असता.

चटणीवाली_निपाणी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

बेळगावचं ठरवलं. आधी जाऊन बघून आले. तुम्ही म्हणालात तसं आत गेले तर आम्हाला दाखवलेल्या रॅकच्या मागच्याच रांगेत अगरबत्तीची खोकी होती. मी थेट सांगितलं, इथे नको. त्यांनी दुसऱ्या टोकाला, पापड-शेवयांच्या शेजारची जागा दिली. लायसन्स त्याच पत्त्याचं आहे, फोटो काढून घेतला. रजिस्ट्रेशनमध्ये जागा जोडण्याचा अर्ज गेला आहे. किमान बिल जून ते सप्टेंबर 400 ऑर्डरींवर आणायला ते तयार झाले. त्यासाठी मला एप्रिल-मेमध्ये ऑर्डरमागे दोन रुपये जास्त द्यावे लागतील, ते मान्य केलं.

20 × 15 × 8 चे खोके गडहिंग्लजहून आलेत, थ्री प्लायचे. 400 ग्रॅमचा पाऊच त्यात दोन्ही बाजूंनी बोटभर जागा सोडून बसतो. काल पहिला वजनावर ठेवला, टेपसकट 468 ग्रॅम. सगळ्या जणी काम सोडून बघायला आल्या.

पुढची खोली अजून पूर्ण रिकामी नाही, पण खिडकी दिसायला लागली आहे. मुलाचं टेबल परवा तिथे लावलं.

पहिले 60 मोठे खोके सोमवारी गोडाऊनला जातायत, प्रत्येकात 24 पाऊच. खोक्यावर बॅच नंबर मार्करनं लिहायचं काम आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी मागून घेतलंय. त्यांचं अक्षर चांगलं आहे. सकाळी हाक मारून म्हणाल्या, "ताई, मार्कर संपूलालाय बगा, दोन तरी आणा." संध्याकाळी स्टँडसमोरच्या दुकानातून पाच आणले.

टेम्पो रिकामा परत येतो त्याचं भाडंही मीच देते आहे. सोमवारी सकाळी निपाणीहून बेळगावला जाऊन दुपारी परत येणाऱ्या गाडीत परतीला कुणाचा माल असेल तर इथे लिहा, भाडं निम्मं-निम्मं करू. फक्त खताची पोती नकोत.