मदत हवी आहे: नामवंतांचे कॉन्सर्ट फोटो बघून शिकतोय, पण जमत नाहीये

काजवा:
शनिवारी पुन्हा एका बँडचे फोटो काढायचे आहेत, म्हणून घाई आहे. तीन महिने रोज रात्री मोठ्या फोटोग्राफरांचे स्टेजवरचे फोटो बघतोय. जिथे एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली कॅमेऱ्याच्या सेटिंगची माहिती) दिसतो तिथले आकडे वहीत उतरवतो. मागच्या कार्यक्रमात तेच सेटिंग लावलं. निम्मे फोटो हलले, उरलेल्यांत गायिकेचा चेहरा म्हणजे नुसता लाल डाग. बघून शिकता येतं म्हणतात, मग नेमकं बघायचं काय?

उघडझाप:
लेन्स कुठली? रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) की जेपेग? स्टेजपासून किती लांब होतात? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

तिसरी घंटा:
बघत बसू नका. ८५ एमएम एफ/१.८ लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) आणि काढत सुटा. मी तसाच शिकलो.

निळाई:
असहमत. नजर लेन्सबरोबर येत नाही. फोटोग्राफर हर्मन लिओनार्डचे १९४० च्या दशकातले जॅझ क्लबमधले फोटो बघा. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनभोवतीचा धूर उजळलेला दिसतो, कारण प्रकाश मागून येतोय. एक्झिफमध्ये प्रकाशाची दिशा लिहिलेली नसते. नाकाची सावली कुठे पडलीय ते बघा, दिवा कुठे होता ते कळतं.

तिसरी घंटा:
लिओनार्ड स्वतःचे फ्लॅश लावायचा. इथे कोण लावू देणार?

निळाई:
लावा म्हणत नाहीये. मागचा दिवा पेटतो तेव्हा बटण दाबा, एवढंच.

रीळवाला:
फिल्मवर शिका. ३६ फोटोंत संपतं म्हटल्यावर माणूस आपोआप थांबून बघतो.

पानगळ:
सेव्ह केलेले फोटो स्वतःच्या पेजवर टाकू नका. नाव दिलं तरी परवानगी लागते.

काजवा:
मी टाकत नाहीये हो. आणि फिल्मचं आत्ता नको. १८-५५ किट लेन्स आहे, जेपेग. वहीत शटर १/२०० सेकंद, एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० होतं. लेन्स ५.६ च्या खाली जाईना म्हणून शटर १/५० केलं.

उघडझाप:
मग ‘तेच सेटिंग’ कुठे राहिलं? २.८ ते ५.६ म्हणजे दोन स्टॉप, प्रकाश एक चतुर्थांश. ते तुम्ही शटरमधून वसूल केलेत, म्हणून फोटो हलले. १/२०० ठेवा, आयएसओ १२८०० करा. दाणे येतील, येऊ देत. लाल डागाचं कारण वेगळं. लाल एलईडीत रेड चॅनेल आधी भरून जातो आणि चेहऱ्याचे बारकावे जातात. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा रंग किती भरलाय ते दाखवणारा आलेख) लावा, एक्स्पोजर उतरवा, रॉमध्ये काढा. सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) असेल तर बंद ठेवा, एलईडीखाली पट्टे येतात.

निळाई:
हललेल्या फोटोंचं इतकं मनावर घेऊ नका. १९७९ मध्ये द क्लॅश या रॉक बँडचा बासिस्ट स्टेजवर गिटार आपटत असताना पेनी स्मिथने काढलेला फोटो फोकसमध्ये नाही. अल्बमच्या कव्हरला तो द्यायला तिचीच तयारी नव्हती. तोच गाजला.

उघडझाप:
तो एक क्षण होता. यांचा निम्मा कार्यक्रम हललाय.

काजवा:
आयएसओ वाढवतो. पण पहिली तीनच गाणी पुढे उभं राहू देतात आणि फ्लॅशला बंदी आहे. एवढ्या वेळात प्रकाशाची दिशा कधी शोधू?

तिसरी घंटा:
हे आधी सांगायचं ना! पहिल्या गाण्यात फक्त दिवे बघा. तेच दिवे पुन्हा पुन्हा येतात.

निळाई:
आणि माइकच्या थेट समोर उभे राहू नका, तोंड झाकलं जातं. जरा बाजूला सरका. ओळ संपली की गायिका माइकपासून मागे येते, ते टिपा. फोटोग्राफर जिम मार्शलच्या कॉन्टॅक्ट शीट (रिळातले सगळे फोटो ओळीने छापलेले कागद) मिळाल्या तर बघा. निवडलेल्या फोटोच्या आधीचे न जमलेलेही त्यात दिसतात, तो कुठे सरकला ते कळतं.

काजवा:
माझे मागचे सगळे फोटो समोरूनच आहेत, आत्ता उघडून बघितले. एक विचारायचं राहिलं: ड्रमर मागे अंधारात असतो, त्याच्यासाठी आयएसओ आणखी वाढवू का?

उघडझाप:
त्याच्यावर वेगळा दिवा आहे का?