नाशिकच्या शरणपूरहून केनियातील रबाई गावी गेलेल्या मिशनऱ्यांचा रोजचा दिवस कसा असे?

गोदाकाठ यांचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेने सुटका झालेल्या आफ्रिकी गुलाम मुलांसाठी आश्रम आणि शाळा चालवली होती, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने पकडलेल्या गलबतांवरील ही मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांपैकी काही शरणपूरला येत. तेथे वाढलेले काही तरुण १८६४ मध्ये मोम्बासाजवळच्या रबाई या डोंगरावरील गावी मिशनच्या कामासाठी गेले.

या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतेक मोठ्या प्रसंगांचे असते: किलिमांजारोवरील बर्फ, प्रवासी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणारे नोकर, युगांडाच्या वाटेवर झालेली बिशप हॅनिंग्टनची हत्या. मला मात्र साधे प्रश्न पडले आहेत. हे लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करीत? राहत कशात, खात काय, आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्या शेजारी राहू का दिले? धर्मांतर चांगले की वाईट या वादात शिरण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यावर येथे पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे.

दप्तरखाना यांचे उत्तर

आधी नाशिककरांच्या, म्हणजे शरणपूरहून गेलेल्या या तरुणांच्या, पूर्वीचा काळ पाहावा लागेल, कारण त्यांना जे मिशन मिळाले ते त्याच सोसायटीच्या दोन जर्मन माणसांनी उभे केले होते. योहान लुडविग क्राफ १८४४ मध्ये झांझिबारच्या सुलतानाचे पत्र घेऊन मोम्बासाला आले आणि काही महिन्यांतच त्यांची पत्नी व नवजात मुलगी तापाने गेली. १८४६ मध्ये योहानेस रेबमान त्यांना येऊन मिळाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघे रबाईच्या डोंगरावर राहायला गेले. त्या दिवशी दोघांच्याही अंगात ताप होता आणि गाढव एकच होते, म्हणून त्यांनी आळीपाळीने त्यावर बसून चढ पार केला.

पुढची काही वर्षे उपदेशाला वेळ किती मिळाला असेल, याची मला शंकाच आहे. चिखलाने लिंपलेल्या भिंती आणि वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर, ज्याला तिकडे माकुटी म्हणतात, असे घर उभे करण्यात या दोघांनी स्वतः हात घातला. मोम्बासाहून सामान आणायचे तर खाडीतून होडीने आणि पुढे डोक्यावरून. मजुरी आणि भेटी कापडाच्या स्वरूपात दिल्या जात, आणि नाणे हवेच असेल तर मारिया थेरेसाचे चांदीचे थेलर चालत. महिन्यातील किती दिवस तापात जातील, यावर उरलेल्या कामाचा हिशेब ठरे.

उरलेला वेळ भाषेचा होता. क्राफ यांचे स्वाहिली व्याकरण १८५० मध्ये छापले गेले. त्यांचा शब्दकोश मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये आला. रेबमान यांनी न्यासा सरोवराकडून पकडून आणलेल्या सलिमिनी नावाच्या गुलामाला समोर बसवून त्याच्या भाषेचा शब्दसंग्रह केला, आणि तो कोशही त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशनऱ्याचा दिवस म्हणजे हातात पुस्तक धरून झाडाखाली केलेले प्रवचन, हे चित्र मनात असेल तर ते पुसावे. अंगणात बसून एका माणसाला पुन्हा पुन्हा तेच विचारणे आणि उत्तर उतरवून घेणे, हे त्याहून खरे चित्र आहे.

दोघांचे स्वभाव मात्र पुरते वेगळे होते. क्राफ यांना पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मिशनच्या ठाण्यांची साखळी उभारायची होती आणि ते सतत प्रवासाला निघत. १८५३ मध्ये प्रकृती खालावल्याने ते परतले. किलिमांजारो पाहण्याचा मान जरी १८४८ मध्ये रेबमान यांना मिळाला, तरी ते मुळात एका जागी बसणारे होते, आणि ते १८७५ पर्यंत रबाईतच राहिले. पत्नी एमा १८६६ मध्ये वारली, दृष्टी जवळजवळ गेली, आणि इतक्या वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. अखेरीस त्यांना जर्मनीला नेऊन पोहोचवले ते आयझॅक न्योंडो यांनी, म्हणजे त्या मोजक्या कुटुंबांपैकी एकाच्या मुलाने. माझ्या मते रेबमान हाच या गोष्टीचा खरा नायक आहे.

खाडीपलीकडे यांचे उत्तर

दप्तरखाना यांच्या तपशिलाबद्दल आक्षेप नाही, परंतु नायकाबद्दल आहे. रबाईत हजाराच्या संख्येने माणसे वसली ती रेबमान यांच्या काळात नव्हे, आणि ती वसवणाऱ्यांत सर्वांत पुढे होते शरणपूरला शिकलेले विल्यम जोन्स.

शरणपूरच्या शाळेत मुलांना लिहिणे-वाचणे आणि बायबल यांबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकवीत. मुलींनाही शिक्षण मिळे, आणि आफ्रिकेला निघालेले तरुण बहुधा तेथेच लग्न करून सपत्नीक जात. जॉर्ज डेव्हिड आणि विल्यम जोन्स ही नावे या पहिल्या तुकडीतील आहेत. आफ्रिकेत ‘परत’ गेले असे आपण सहज म्हणतो, पण त्यांपैकी बहुतेकांचा जन्म रबाईपासून शेकडो मैल दूर, अंतर्भागातील निरनिराळ्या जमातींत झाला होता. इंग्रजी पोशाख करणारे, इंग्रजी आणि हिंदुस्तानी बोलणारे, नाशिकच्या बाजारात मराठी ऐकत वाढलेले हे लोक रबाईच्या मिजिकेंडा जमातीच्या गावकऱ्यांना क्राफ यांच्याइतकेच परके वाटले असणार, आणि स्वाहिली त्यांनाही नव्यानेच आत्मसात करावी लागली.

१८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद करण्याच्या करारासाठी बार्टल फ्रियर तिकडे गेले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या या गृहस्थांना शरणपूरची पद्धत परिचित होती आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही तीच वापरावी, अशी शिफारस त्यांनी केली. त्यातून १८७५ मध्ये मोम्बासा बेटासमोर फ्रियर टाऊन ही वसाहत उभी राहिली, आणि ती उभारण्यास शरणपूरचे जुने प्रमुख प्राईस यांनाच पाठवण्यात आले. यानंतर रबाईतील दिवस बदलला. पहाटे घंटा, प्रार्थना, मग मोठ्यांना मका व कसाव्याची शेती, बांधकाम किंवा सुतारशाळा, मुलांना वर्ग, संध्याकाळी बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवणी असा क्रम लागला, आणि वर्ग चालवणारे शिक्षक मोठ्या प्रमाणावर नाशिककरच होते.

याखेरीज एक काम कोणत्याही वेळापत्रकात नव्हते. किनाऱ्यावरील अरब आणि स्वाहिली मालकांकडून पळालेले गुलाम, ज्यांना वाटोरो म्हणत, रात्रीअपरात्री रबाईला येत. सुलतानाच्या राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती, म्हणून पळालेल्यांना ठेवून घेऊ नये असा मिशनला वरून हुकूम असे. जोन्स स्वतः गुलामगिरीतून सुटलेले असल्याने तो हुकूम त्यांनी कितपत मानला, हे रबाईची लोकसंख्याच सांगते. १८८४ च्या दुष्काळात उपाशी माणसांची त्यात भर पडली. मालक चिडले, हल्ल्याच्या धमक्या आल्या, आणि शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत सुमारे १४०० जणांना मुक्ततेचे कागद वाटले. एवढ्या माणसांना जमीन नेमून देणे, त्यांची भांडणे सोडवणे आणि लग्ने लावणे हे काम उपदेशापेक्षा कितीतरी मोठे होते.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. दोन शंका उरतात. गावकऱ्यांनी जागा का दिली, हे अजून कळले नाही. दुसरे असे की नाशिककरांना गोऱ्या मिशनऱ्यांइतका मान आणि पगार मिळत होता का?

मुक्काम मोम्बासा यांचे उत्तर

पहिल्या शंकेबद्दल. मी नोकरीनिमित्त मोम्बासात राहतो आणि रबाई माझ्या घरापासून मोटारीने फार दूर नाही. मिजिकेंडा लोकांची जुनी वस्ती म्हणजे काया: दाट जंगलाच्या मधोमध राखलेली जागा, जिथे वडीलधाऱ्यांची सभा भरे आणि पूर्वजांचे विधी होत. यांतील काही कायांची जंगले २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मिशन या कायेच्या आत नव्हे, तर तिच्याजवळ वसले, आणि परवानगी वडीलधाऱ्यांनीच दिली. मला वाटते त्यांचा हिशेब व्यावहारिक होता. मोम्बासाशी त्यांचा धान्य, डिंक आणि हस्तिदंताचा व्यापार चाले, सुलतानाचे पत्र बाळगणारा पाहुणा दुखावण्यात लाभ नव्हता, आणि त्याच्याकडे कापड होते.

कुरबुर व्हायची ती वेगळ्याच कारणांनी. तिथे कोणतीही सभा ताडी आणि जेवण यांवाचून होत नसे, त्यामुळे नुसत्या प्रार्थनेला बोलावणारा यजमान लोकांना कंजूष वाटे. एकाहून अधिक बायका असलेल्या माणसाने बाप्तिस्म्यापूर्वी काय करायचे, हा प्रश्न तर कधीच नीट सुटला नाही. ज्यांना मुळात कुटुंबच उरले नव्हते ते पळालेले गुलाम मिशनमध्ये आले आणि रबाईचे मूळ रहिवासी बराच काळ दूर राहिले, याचे मुख्य कारण मला यातच दिसते. आज तिथे १८८७ चे सेंट पॉल चर्च आहे, आणि क्राफ यांच्या नावाने संग्रहालय आहे. नाशिकहून येणाऱ्यांना काया पाहायची असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच जावे. छायाचित्रे काढण्यापूर्वीही विचारावे.

खाडीपलीकडे

दुसऱ्या शंकेचे उत्तर सरळ आहे: नाही. पगार कमी होता, आणि त्याबद्दल नाशिककरांनी वारंवार तक्रारी केल्या. इंग्रज सहकाऱ्यांच्या पत्रांत त्या तक्रारींना गर्विष्ठपणा म्हटले जाई. फ्रियर टाऊनमध्ये तर गोऱ्या व्यवस्थापकाने दिलेल्या फटक्यांच्या शिक्षेवरून १८८१ च्या सुमारास मोठा गवगवा झाला आणि प्राईस यांना पुन्हा तेथे जावे लागले. जोन्स १८६४ मध्ये रबाईला आले आणि त्यांना धर्मोपदेशकाची पहिली दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, बिशप हॅनिंग्टन यांच्याकडून.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा त्यांनी जोन्स यांना सोबत घेतले आणि वाटेत बहुतांश काफिला त्यांच्या हवाली करून स्वतः पुढे गेले. हत्येची बातमी येईपर्यंत जोन्स तळावर थांबले, मग शेकडो मैलांची वाट तुडवीत ते उरलेल्या माणसांना घेऊन १८८६ च्या आरंभी रबाईला परतले. त्यानंतर पळून आलेल्यांची ती सारी व्यवस्था पाहण्यासाठी ते पुन्हा कामाला लागले.

दप्तरखाना

नायकाबद्दलचा आक्षेप मान्य. मात्र जोन्स ज्या स्वाहिलीतून शिकवीत होते, तिचे व्याकरण प्रथम छापून देणारे क्राफ होते, एवढे विसरू नये.