होम थिएटरसाठी एकच रिमोट: कोणता घ्यावा?

निवांत:
टीव्ही, एव्ही रिसीव्हर (स्पीकर याला जोडलेत), ब्लू-रे प्लेअर आणि फायर टीव्ही स्टिक. चारांचे चार रिमोट. आईला सिनेमा लावायचा असला की हाक मारते, कारण टीव्ही लागतो पण आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. एक बटण दाबलं की सगळं सुरू व्हावं, एवढंच हवंय. सगळ्या यंत्रांना चालणारा जुना हार्मनी रिमोट मिळतोय, घेऊ का?

खटपट्या:
हार्मनी नको. लॉजिटेकने 2021 मध्येच ते रिमोट बनवणं थांबवलं, आणि त्यांचं सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतं.

आधी तुमच्याकडचे रिमोट तपासा. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर तो इन्फ्रारेड. स्टिकच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबताना तो बहुधा दिसेल, होमचं दाबताना नाही, कारण स्टिकशी तो ब्लूटूथवर बोलतो. म्हणून नुसता इन्फ्रारेडवाला लर्निंग रिमोट (दुसऱ्या रिमोटचे कोड शिकून घेणारा) स्टिकला कामाचा नाही. ब्लूटूथही असलेला हवा, सोफाबॅटन एक्स1एससारखा.

खरी मेख पॉवरच्या बटणात आहे. चालू आणि बंदला एकच कोड असला, तर मॅक्रो (एका बटणावर ओळीने जाणारे अनेक कोड) चालवताना आधीच चालू असलेला रिसीव्हर बंद पडतो आणि टीव्ही लागतो. आई पुन्हा बटण दाबतात, की सगळं उलटं. तेव्हा तुमच्या मॉडेलला 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड आहेत का ते शोधाच. मूळ रिमोटवर तशी बटणं नसली तरी यंत्राला ते कोड कळतात, असं बऱ्याचदा असतं. इनपुटचंही तेच: थेट एचडीएमआय 2 वर नेणारा कोड हवा.

तारजोड:
खर्च करण्याआधी एचडीएमआय-सीईसी चालू करून बघा, म्हणजे एचडीएमआय केबलवरूनच यंत्रं एकमेकांना चालू-बंद करतात. सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक या नावाने सापडेल. रिसीव्हरची आउटपुट केबल टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच लावा, त्यातून टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत जातो.

निवांत:
केलं! स्टिकचं होम बटण दाबलं की टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही उठतात, आवाजही रिसीव्हरमधून येतो. आईला फार बरं वाटलं. फक्त ब्लू-रे लावला की इनपुट बदलत नाही.

तारजोड:
प्लेअरच्या सेटिंगमध्ये सीईसी वेगळं चालू करावं लागतं. तिथे बंद असेल, बघा.