नाताळच्या आधी लंडन, पहिल्यांदाच आणि मोजक्या दिवसांसाठी : तुमचे अनुभव लिहा

रानजाई :
डिसेंबरच्या मध्यावर नवऱ्याचं लंडनला ऑफिसचं काम निघालंय. त्याला जोडून आम्हीही जातोय : मी, दुसरीतली लेक आणि सासूबाई. गुरुवारी सकाळी उतरायचं आणि सोमवारी रात्री परतीचं विमान. व्हिसा हातात आलाय, राहायची सोय पॅडिंग्टन स्टेशनजवळ झालीय. पण व्हिडिओ बघून बघून ठिकाणांचा एवढा ढीग जमलाय की एकाही दिवसाची घडी बसत नाहीये.

सासूबाई सत्तरीच्या. हिंडायची हौस दांडगी, पण गुडघे जिने चढू देत नाहीत. पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. लेकीला दिवे, डायनोसॉर आणि बर्फ हवाय. मला ते शहर नाताळासाठी सजलेलं बघायचंय आणि ब्रिटिश म्युझियम तर कॉलेजपासून मनात आहे.

जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा. नुसती यादी नको. तुमचा दिवस प्रत्यक्षात कसा गेला, काय मनापासून आवडलं, काय सोडलं तरी चालेल ते वाचायला आवडेल. पुढे जाणाऱ्यांनाही उपयोग होईल.

निळी छत्री :
मी लंडनमध्येच राहते, आणि दर डिसेंबरात कोणी ना कोणी पाहुणे असतातच. त्यांना पहिली गोष्ट सांगते ती उजेडाची. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारला दहा मिनिटं कमी असताना मावळतो. आकाश ढगाळ असेल तर तीनपासूनच अंधारून येतं. जूनमधल्या सहलीचे आराखडे बघून दिवस आखाल तर निम्मी ठिकाणं काळोखात बघावी लागतील. उघड्यावरचं सगळं साडेनऊ ते तीनमध्ये बसवा, छपराखालचं त्यानंतर.

यात तुमचा एक मोठा फायदा आहे. तिथली घड्याळं हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस लेकीला संध्याकाळी सातलाच झोप अनावर होणार. पण रोषणाई बघायला रात्रीची वाट बघावीच लागत नाही, साडेचारला सगळं शहर उजळलेलं असतं. दिवे बघून, जेवून आठला अंथरुणात. पहाटे चारला जाग येईल ती येईलच, खाऊ जवळ ठेवा.

शनिवारी संध्याकाळी रीजंट स्ट्रीट आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटला अजिबात जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते. मुलाचा हात धरून चालणंसुद्धा मुश्कील होतं. तुम्ही गुरुवारीच जा. पिकाडिलीवर फोर्टनम अँड मेसनचं दुकान आहे, त्याची दर्शनी भिंत बहुतेक वर्षी नाताळाच्या दिनदर्शिकेसारखी सजवतात, खिडक्याखिडक्यांवर तारखा. तिथून पिकाडिली सर्कस आणि मग रीजंट स्ट्रीट. रस्त्यावर आडवे पंख पसरलेले प्रकाशाचे देवदूत एकामागून एक टांगलेले असतात. मी इतकी वर्षं बघतेय, तरी त्यांच्याखालून जाताना पावलं हळू होतातच.

गोदाकाठ :
प्रवासाचं तेवढं सांगतो. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून बंद आहेत. ऑयस्टर कार्ड (तिथलं आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या किंवा आपलं टॅप होणारं बँकेचं कार्ड वापरा. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, शिरताना जे कार्ड टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. तेच कार्ड फोनमध्ये असेल तर यंत्राच्या दृष्टीने ते वेगळं ठरतं आणि जास्तीचे पैसे कापले जातात. दिवसभराच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, ती गाठली की पुढचा प्रवास त्याच भाड्यात. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा आकार किती लागतो ते निघण्याआधी बँकेला विचारा, नाहीतर ऑयस्टर बरं.

अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, आणि मोठ्यांसोबत ट्यूबही फुकट. लेकीचा खर्च वाचला.

केतकी_बन :
रानजाई, तुमच्या सासूबाईंच्या जागी माझी आई होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्यूब जुनी आहे आणि पुष्कळ स्टेशनांवर लिफ्ट नाही. सरकता जिना असला तरी मध्येच दहा-पंधरा दगडी पायऱ्या लागतात. नकाशावर ज्या स्टेशनांसमोर व्हीलचेअरचं चिन्ह आहे तीच धरायची. एलिझाबेथ लाइन ही रेल्वे मात्र 2022 साली सुरू झालेली, सगळ्या स्टेशनांवर विनापायऱ्यांची सोय. हीथ्रोहून पॅडिंग्टनला ती थेट येते, अर्ध्या तासाच्या आसपास. तुमचं हॉटेल त्या दृष्टीने उत्तम जागी आहे. बाकी शहरात आम्ही बसच धरली. सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत आणि पुढच्या जागा वयस्कांसाठी असतात. फक्त आई नीट बसेपर्यंत एकाने तिला धरून उभं राहायचं, कारण बस लगेच सुटते. वरच्या मजल्यावर लेकीला घेऊन तुम्ही जा, सासूबाईंना खालीच बसू दे. तो जिना अरुंद आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये आम्ही सगळं बघायचा हट्ट धरला नाही. रोझेटा शिला (जिच्यामुळे प्राचीन इजिप्तची लिपी उलगडली तो कोरीव दगड) आणि दक्षिण आशियाचं दालन, बस. त्या दालनाच्या टोकाला काचेपलीकडे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, आंध्रातून नेलेली. फिकट चुनखडीचा दगड, त्यात बारीक कोरलेली माणसं, घोडे, झाडं. आई बाकावर बसली आणि एकेका पाटीवर किती वेळ बोलत राहिली! एका कोपऱ्यातल्या स्त्रीच्या पायातल्या कड्यांची संख्या तिने मोजली आणि म्हणाली, माझ्या आजीच्या पायात अशीच होती. हे आपल्याकडून गेलं याचं वाईट वाटलं, तेही ती मोकळेपणाने बोलली. माझ्यासाठी सगळ्या सहलीतली ती दुपार सर्वांत मोलाची होती.

प्रवेश फुकट असतो, पण वेळ आधी नोंदवून ठेवा. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. बाहेर अंधार झाल्यावर निवांत जायला तोच दिवस चांगला.

पाचोळा :
हाइड पार्कमधल्या विंटर वंडरलँड या नाताळच्या जत्रेबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सोडून द्या. गर्दीच्या वेळी आत जायलाच तिकीट, मग प्रत्येक पाळण्याचे वेगळे पैसे, खाणं महाग, आणि पावसात चिखल. दोन मुलांना घेऊन गेलो होतो, रांगेतच संध्याकाळ गेली. त्यापेक्षा थेम्सच्या दक्षिण काठावर साउथबँकला नाताळाचा छोटा बाजार भरतो, तो बघा. लाकडी टपऱ्या, गरम चॉकलेट, समोर नदी, आणि आत शिरायला पैसे नाहीत.

माणदेशी :
पाचोळा, थोडा असहमत. मी तिथे शिकत असताना कामाच्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या जायचो. त्या वेळेची तिकिटं स्वस्त, काही वेळा फुकटही मिळतात, आणि आत मोकळं असतं. पाळण्यात न बसता नुसतं फिरलं तरी लहान मुलांचे डोळे विस्फारतात. मात्र तुम्ही मोजके दिवस जाताय आणि सकाळचा उजेड मोलाचा आहे, त्यामुळे तुमच्यासाठी मीही नाहीच म्हणेन. शनिवार-रविवार तर नकोच.

लेकीचे डायनोसॉर साउथ केन्सिंग्टनला, नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. मधल्या दालनात छतापासून निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरचा सांगाडा तोंड उघडून खाली झेपावलेला दिसतो. ट्यूब स्टेशनपासून म्युझियमपर्यंत जमिनीखालून लांब बोगदा आहे, पाऊस असेल तर त्यातून जा. पण त्याला आणि त्या स्टेशनला पायऱ्या आहेत, म्हणून सासूबाईंसोबत बसने. शनिवार-रविवारी पोराबाळांची झुंबड असते, सोमवारी सकाळ धरा.

सांजवेळ :
शाकाहाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तिथे शाकाहारी खाणं भरपूर मिळतं, पण नाताळाच्या खास पदार्थांत एक मेख आहे. मिन्स पाय म्हणजे मनुका, मसाले, संत्र्याची साल घातलेली छोटी गोड पेस्ट्री. नावात मिन्स असलं तरी हल्ली त्यात मांस नसतं. पण सारणात परंपरेने स्युएट घालतात, म्हणजे गाईची किंवा मेंढीची चरबी. ख्रिसमस पुडिंगमध्येही तेच. पुष्कळ दुकानांत आता वनस्पती चरबीचे असतात, तेव्हा पाकीट उलटं करून ‘व्हेजिटेरियन’ लिहिलंय का ते वाचायचं. आणि अंडंही नको असेल तर ‘व्हीगन’ लिहिलेलं शोधायचं, त्यात अंडं आणि दूध दोन्ही नसतं. हा शब्द पाठ करून ठेवा, सुपरमार्केटमधल्या सँडविचपासून केकपर्यंत सगळीकडे कामी येतो.

गरम जेवायला यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट. भेळ, डोसा, थाळी मिळणारी जुनी शाकाहारी हॉटेलं एका रांगेत आहेत. ब्रिटिश म्युझियमपासून फार लांब नाही, तेव्हा शुक्रवारचं जेवण तिथेच जमून जाईल. माझ्या सासऱ्यांना चौथ्या दिवशी वरणभाताची आठवण आली होती, त्यांना तिथे साध्या भात-डाळीने जे समाधान मिळालं ते बघून मलाच भरून आलं.

सह्यकडा :
पॅडिंग्टनला राहताय म्हणून एक आग्रह. लिटल व्हेनिसच्या कालव्यापलीकडे, चालत पाऊण तासाच्या आत जाऊन-येऊन होईल अशा अंतरावर 10, हाउली प्लेस हे घर आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये लंडनला होते, तेव्हा ते इथे राहिले. भिंतीवर पाटी आहे. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. रस्ता शांत आणि सपाट.

दुसरं घर, 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना 1921-22 मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. थंडीत, तुटपुंज्या पैशात, दिवसभर ग्रंथालयात बसून त्या माणसाने काय मिळवलं ते तिथे उभं राहिलं की अंगावर येतं. लेकीला नक्की दाखवा. शेजारीच प्रिमरोज हिलची टेकडी आहे, वरून सगळं शहर दिसतं.

कोणी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखं बघायला सांगेल. ती 2024 च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, पहिल्यांदा साताऱ्यात ठेवली होती. टिपू सुलतानचा लाकडी वाघ मात्र तिथेच आहे.

जुना प्रवासी :
तुम्ही आधीच परतताय ते उत्तम. हा धागा वाचून पुढे कोणी तारखा ठरवणार असेल तर त्यांच्यासाठी : 25 डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब नाही, बस नाही, लोकल नाही. 24 ला संध्याकाळपासूनच गाड्या आवरत्या घेतात. मोठी म्युझियमं 24 ते 26 बंद. आमचा मुक्काम मुद्दाम मध्यवर्ती घेतला होता, म्हणून 25 ला वेस्टमिन्स्टरपासून सेंट पॉल चर्चपर्यंत नदीकाठाने चालत गेलो. रिकामे रस्ते, घंटांचा आवाज, फार सुरेख वाटलं. पण पहिल्या भेटीत आणि मोजक्या दिवसांत हे बसवू नये.

रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, बहुधा बारा ते सहा. खरेदी त्या बेताने.

निळी छत्री :
कपड्यांचं राहिलं. तापमान साधारण तीन ते नऊ अंशांत असतं, बर्फ क्वचितच पडतो. लेकीला आत्ताच सांगून ठेवा. त्रास होतो तो भुरभुर पावसाचा आणि वाऱ्याचा. एक जाड कोट घेण्यापेक्षा थरांवर थर घाला, कारण दुकानात, बसमध्ये हीटर असतो आणि घाम फुटतो. पाणी न शिरणारे बूट मात्र हवेतच. आपले प्लग तिथे बसत नाहीत, अडॅप्टर न्या. आणि फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, सायकलवरून येऊन हिसकावतात.

रानजाई :
सगळ्यांचे मनापासून आभार! गुरुवारी सामान ठेवून सकाळी टिळकांचं घर आणि कालवा, संध्याकाळी रीजंट स्ट्रीट. शुक्रवारी सकाळी टॉवर ऑफ लंडन, संध्याकाळी ब्रिटिश म्युझियम आणि ड्रमंड स्ट्रीट. शनिवारी बाबासाहेबांचं स्मारक, दुपारनंतर विश्रांती. रविवारी सेंट पॉल आणि साउथबँक. सोमवारी डायनोसॉर. विंटर वंडरलँड वगळलं. टॉवरमध्ये कोहिनूर बघायला रांग फार असते का? आणि ट्रॅफल्गर चौकातलं झाड कुठे बसवू?

निळी छत्री :
टॉवर उघडतानाच आत शिरा आणि सगळ्यात आधी दागिन्यांकडे जा, अकरानंतर रांग वाढत जाते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, उभं राहिलं की तोच पुढे नेतो. कोहिनूर राजमातेच्या मुकुटात आहे. जुन्या मनोऱ्यांमध्ये गोल जिने आहेत, ते तुम्ही दोघींनी चढा, सासूबाईंना अंगणात डोमकावळे बघत बसू दे, ऊन असेल तर छान वाटतं.

तिथून 15 नंबरची बस. सेंट पॉल, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ती ट्रॅफल्गर चौकापाशी सोडते, म्हणजे झाड शुक्रवारीच होईल. ऑस्लो शहर 1947 पासून दर वर्षी ते पाठवतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नॉर्वेला दिलेल्या साथीबद्दल. दिव्यांच्या माळा आडव्या न गुंडाळता वरून खाली सोडलेल्या असतात, ती नॉर्वेची रीत. नाताळ जवळ आला की संध्याकाळी त्याखाली वेगवेगळे गट कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात, वेळापत्रक आधी बघून ठेवा. थंडी वाजली तर समोरच नॅशनल गॅलरी, फुकट, स्वच्छतागृह आणि लिफ्टसह, शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. मग ब्रिटिश म्युझियमला टॅक्सी करा, अंतर थोडं आहे आणि सासूबाई तोपर्यंत दमलेल्या असतील.